नोंदणीची तारीख आधी, विमानाचं तिकीट नंतर

दर दिवाळीच्या सुमारास मला एक-दोन फोन हमखास येतात. कधी ॲमस्टरडॅमहून, कधी टोरांटोहून, एकदा टोकियोहून आला होता. बोलणारा आवाज आनंदात असतो. "ताई, ठरलं आमचं. कायमचे परत येतोय. आईबाबा थकलेत, आणि मुलगी शाळेत जायच्या आत आलेलं बरं. मार्चची तिकिटं काढली. आता फक्त ह्याचा व्हिसा तेवढा राहिलाय." मी विचारते, "तुमच्या लग्नाची नोंदणी कुठे झाली आणि कोणत्या तारखेला?" पलीकडून उत्तर येतं ते हॉलचं, मुहूर्ताचं, पुण्यातल्या किंवा साताऱ्यातल्या लग्नाचं. नोंदणीची तारीख पटकन कुणालाच आठवत नाही.

मलाही आठवली नव्हती. आमचं लग्न डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यात लागलं. मुंडावळ्या, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं यथासांग झालं. नवरा डच. त्याची आई नऊवारी नेसून अक्षता टाकत होती. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये युट्रेक्टच्या नगरपालिकेत आम्ही कायदेशीर लग्न केलं, ते एखादा अर्ज भरून टाकावा तसं. मार्च २०१७ मध्ये परत यायचं ठरलं तेव्हा मी मनाशी हिशेब केला, की दोन वर्षं कधीच उलटून गेली. हिशेब चुकला होता. हिंदू विवाह कायदा वर आणि वधू दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. त्यामुळे पुण्यातला तो देखणा सोहळा कायद्याच्या नजरेत लग्न नव्हताच. आमचं लग्न मोजलं गेलं ते ऑक्टोबर २०१५ पासून, आणि त्या चुकीपायी माझा नवरा आठ-नऊ महिने घरी बसून राहिला. ते पुढे सांगतेच.

दोन वाटा

परदेशी नागरिक असलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला घेऊन भारतात राहायला यायचं तर मुख्य वाटा दोन. एक, एन्ट्री व्हिसा. याला एक्स व्हिसा असंही म्हणतात. दुसरी, ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड.

एन्ट्री व्हिसा हा भारतीय नागरिकाच्या, तसंच ओसीआय कार्डधारकाच्या जोडीदाराला मिळतो. त्यासाठी लग्न किती जुनं आहे याची अट नाही. तो पाच वर्षांपर्यंतचा, पुन्हा पुन्हा ये-जा करता येईल असा मिळू शकतो आणि इथे आल्यावर वाढवताही येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. भारताच्या व्हिसाची मुदत तो दिल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही विमानतळावर उतरता त्या दिवसापासून नाही. सहा महिने आधीच व्हिसा काढून ठेवला तर ते सहा महिने फुकट गेले.

ओसीआय कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ए नुसार ते जोडीदाराला मिळतं, पण अट अशी की लग्नाची नोंदणी झालेली असावी आणि अर्ज करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं ते लग्न टिकलेलं असावं. नोंदणी आणि दोन वर्षं, दोन्ही हवं. म्हणूनच मी तारीख विचारते. अर्जाची फी परदेशात २७५ अमेरिकी डॉलर, भारतात १५,००० रुपये. जोडीदाराच्या अर्जाला आधी सुरक्षा विभागाची मंजुरी लागते, म्हणून लागणारा वेळ आठवड्यांत नव्हे, महिन्यांत धरा.

तुमची दोन वर्षं परतीच्या आधी पुरी होत असतील तर परदेशातूनच ओसीआयचा अर्ज करा आणि कार्ड हातात घेऊन या. दोन वर्षांना अवकाश असेल तर एन्ट्री व्हिसावर या आणि मुदत भरली की इथून अर्ज करा. इथून अर्ज करणारा माणूस सहसा भारतात सलग सहा महिने राहिलेला असावा लागतो, आणि टुरिस्ट व्हिसावर असलेल्याला तो अर्ज करता येत नाही.

इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात. "आधी ई-टुरिस्ट व्हिसावर येऊ, मग तिकडे बदलून घेऊ," असं मित्र सांगतात, कारण तो घरबसल्या चार दिवसांत मिळतो. ई-व्हिसा वाढवून मिळत नाही आणि बदलूनही मिळत नाही, असं त्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे. सामानाचा कंटेनर समुद्रात, मुलीचं नाव शाळेत घातलेलं आणि नवरा व्हिसासाठी परत विमानात, अशी घरं मी पाहिली आहेत. हा धोका पत्करू नका.

दोन्हींपैकी कोणतीही वाट धरण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. तुमचा जोडीदार मूळचा भारतीय असेल, म्हणजे अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला आपलाच माणूस असेल, किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा भारतीय असतील, तर त्याला स्वतःच्या मुळावर ओसीआय मिळतं. तिथे दोन वर्षांचा प्रश्नच नाही, आणि पुढे लग्नाचं काहीही झालं तरी ते कार्ड लग्नावर अवलंबून राहत नाही. हा अर्ज शक्य असेल तर तोच करा. मॉरिशसमधल्या मराठी घरांतून मुलगी किंवा जावई आलेला असेल तर हे विशेष पाहा. मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय खुलं करण्याची घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च २०२४ मध्ये तिथे केली. इस्रायलमधल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींची अडचण वेगळी होती. परदेशी लष्करात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही, आणि इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची. सक्तीची सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना कार्ड देण्याची घोषणा पंतप्रधानांनी जुलै २०१७ मध्ये तेल अवीवला केली. तुमचा जोडीदार कोणत्याही देशाच्या सैन्यात राहिलेला असेल तर अर्जाआधी हे उघड सांगा, लपवू नका.

जोडीदाराचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबा-पणजी यांपैकी कुणीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील किंवा कधी काळी होते, तर ओसीआयची वाट बंद आहे, मग जोडीदाराच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट असला तरी. अशा घरांनी तिकिटाचा विचार वर्षभर पुढे ढकलावा आणि आधी व्हिसाच्या अर्जाला हात घालावा. त्यांच्या अर्जांची छाननी लांबते.

समलिंगी जोडप्यांना मला जड मनाने सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. परदेशात रीतसर झालेलं तुमचं लग्न इथल्या जोडीदाराच्या व्हिसासाठी धरलं जाईल असं समजून घर मोडू नका. नोकरीचा किंवा शिक्षणाचा स्वतंत्र व्हिसा आणि चांगला वकील, हीच सध्या सुरक्षित तयारी.

तो देश सोडण्याआधी

लग्न परदेशात, तिथल्या कायद्याने झालं असेल तर ते इथे पुन्हा लावायची गरज सहसा पडत नाही. गरज असते ती त्या प्रमाणपत्रावर अपोस्टीलची. हेग करारात असलेल्या देशांचे कागद या एका शिक्क्यावर दुसऱ्या सदस्य देशात चालतात. भारत या करारात २००५ पासून आहे, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आला. जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवलेली होती, म्हणून जर्मन प्रमाणपत्रावर कोणता शिक्का चालेल हे भारतीय वकिलातीला आधी विचारून घ्या. हा शिक्का कागद जिथला असेल त्याच देशात मिळतो. आम्हाला तो नेदरलँड्सच्या जिल्हा न्यायालयात एका सकाळीत मिळाला. हेच काम पुण्यात बसून करायचं म्हटलं असतं तर सासूबाईंना थंडीवाऱ्यात रांगेत उभं करावं लागलं असतं. लग्नाच्या प्रमाणपत्राच्या दोन-तीन मूळ प्रती, मुलांचे जन्मदाखले, आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा निकाल, सगळ्यांवर शिक्के मारून घेऊनच निघा. कागद इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतरही तिथेच करून घ्या.

नावांचा घोळ हा खास आपला. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. परदेशातल्या नगरपालिकेच्या रकान्यांत हे बसत नाही. माझ्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव माझ्याच नावाला जोडून आलं, पासपोर्टवर आडनाव माहेरचं, आणि बँकेत भलतंच. एका अक्षराच्या फरकावरूनही अर्ज परत येतो. प्रमाणपत्र हातात पडतानाच पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. चूक तेव्हा लगेच दुरुस्त होते, दोन वर्षांनी नाही. आणखी एक. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव असतं. ते घालून घ्यायचं राहिलं असेल तर परतीच्या आधी वकिलातीतून पासपोर्ट नवा करून घ्या. जोडीदाराचा अर्ज तपासणारा अधिकारी ते पान उघडून बघतो.

लग्न अजून व्हायचंच असेल आणि ते भारतात करायचं असेल, तर तीन आठवड्यांच्या सुट्टीत ते बसत नाही. भारतीय आणि परदेशी यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे परदेशातून येऊन लग्न नोंदवायला दोन महिने हातात हवेत. मग विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. परदेशी जोडीदाराने अविवाहित असल्याचा, किंवा लग्नाला अडथळा नसल्याचा, आपल्या देशाचा दाखला आणायचा असतो. वकिलातीतही लग्न लावता येतं, त्यासाठी विदेशी विवाह कायदा, १९६९ आहे, आणि नोटीस तिथेही चुकत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की हौसेचं लग्न केव्हाही करा, वाजतगाजत करा, पण नोंदणी त्याच्या आधी उरकून घ्या. आमची दहा महिन्यांची दिरंगाई आळसापोटी झाली होती.

पहिले चौदा दिवस

१८० दिवसांहून जास्त मुदतीच्या एन्ट्री व्हिसावर आलेल्या माणसाला सहसा १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंद करावी लागते. तुमच्या व्हिसाच्या स्टिकरवर नेमकं काय छापलंय ते विमानात बसण्याआधी नीट वाचा, कारण काहींवर 'एका वेळचा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नको' असंही असतं आणि मग नियम बदलतो. मुंबईत हे काम एफआरआरओ कार्यालय बघतं, पुण्यात पोलीस आयुक्तालय, जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक. २०१८ पासून ई-एफआरआरओवर अर्ज आणि कागद घरूनच चढवता येतात. बोलावलं तरच जायचं.

आमच्या वेळी तो ऑनलाइन मार्ग नव्हता आणि आम्ही तेराव्या दिवशी कसेबसे पोचलो. कारण अगदी घरगुती होतं. पत्त्याचा पुरावा म्हणून आम्ही लाइट बिल नेलं, आणि ते माझ्या आजोबांच्या नावावर निघालं. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, बिल भरणाऱ्या कुणालाच नाव बदलायचं सुचलं नव्हतं. तुम्ही वडिलोपार्जित घरात उतरणार असाल तर आईबाबांना आजच बिल काढून बघायला सांगा. भाड्याने घेणार असाल तर लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केलेला असू द्या आणि त्यात जोडीदाराचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

दुसरा कागद म्हणजे आमच्या वेळी ज्याला सी फॉर्म म्हणत तो. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांत तो भरायचा. हॉटेलवाले भरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, घरच्यांनीही भरायचा असतो हे फार कमी घरांत माहीत असतं. स्वतःच्याच जावयासाठी असला फॉर्म भरताना माझ्या वडिलांना वाईट वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, "बाबा, हा कागद नसला तर पुढचा एकही कागद होणार नाही." मग त्यांनी चष्मा लावून स्वतः भरला.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा, इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५, लागू झाला आहे. १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे गेले. फॉर्मची नावं, नमुने आणि दंड यांत बदल होत असतात, म्हणून पाच वर्षांपूर्वी परतलेल्या मित्राच्या सांगण्यावर, आणि माझ्याही अनुभवावर, पूर्ण विसंबू नका. अर्जाच्या दिवशी सरकारी पोर्टलवर असेल तो नियम खरा. व्हिसाची मुदत संपण्याच्या निदान महिनाभर आधी वाढीचा अर्ज करा. मुदत उलटल्यावर देशाबाहेर पडायलाही परवानगी लागते आणि दंड होतो.

घरी बसलेला माणूस

कागदांबद्दल सगळे विचारतात, याबद्दल कुणी विचारत नाही.

एन्ट्री व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. माझा नवरा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. पुण्यात त्याला काम मिळेल याची आम्हाला खात्री होती आणि एका ठिकाणाहून बोलावणंही आलं, पण त्यांनी कागद बघितले आणि 'ओसीआय आलं की या' म्हणाले. मार्च ते डिसेंबर तो घरी होता. सकाळी मी कामावर जायची, आई त्याला प्रेमाने पोहे करून द्यायची, शेजारचे काका "काय, आज सुट्टी का?" विचारायचे. पस्तिशीतला, स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस सासऱ्यांकडून रिक्षाचे पैसे घेताना कसा दिसतो ते मी पाहिलं आहे. त्या काळात आम्ही जितके भांडलो तितके आधी कधी भांडलो नव्हतो आणि नंतरही नाही.

म्हणून हे महिने धरून पैशांची तजवीज करा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याबद्दल निघण्याआधी दोघांनी बसून बोला. जोडीदार परदेशातल्या कंपनीचं काम इथून लॅपटॉपवर करणार असेल तर तेही 'चालतं हो' म्हणून गृहीत धरू नका. व्हिसाचा प्रकार आणि कर या दोन्ही बाजूंनी आधी लेखी सल्ला घ्या. माझ्या नवऱ्याने ते महिने मराठी शिकण्यात घालवले. आता तो मंडईत माझ्यापेक्षा चांगला भाव करतो. पण मराठी शिकायला त्याला घरी बसवून ठेवायची गरज नव्हती. लग्न दहा महिने आधी नोंदवलं असतं तर तो थेट कार्ड घेऊनच उतरला असता.

ओसीआय आल्यावर बरंच सोपं होतं. नोकरी, धंदा, बँक यांत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने वागणूक मिळते आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही लागत नाही. मतदान करता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण अशा काही कामांसाठी ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार खास परवानगी घ्यावी लागते. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. गावच्या सातबाऱ्यावर सुनेचं नाव लावायची सासऱ्यांची इच्छा असेल तर हे त्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे तलाठ्यासमोर मन खट्टू होणार नाही. नागरिकत्व हा निराळा विषय आहे. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्याला सात वर्षं इथे राहिल्यावर त्यासाठी अर्ज करता येतो, पण मग स्वतःच्या देशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. माझ्या नवऱ्याला ओसीआयबद्दलही हीच धास्ती होती. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. त्याचा डच पासपोर्ट जसाच्या तसा राहिला.

मुलांचं थोडक्यात. परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवला आणि त्याचा दुसरा पासपोर्ट नसेल, तर ते भारतीय नागरिक होऊ शकतं. परदेशी पासपोर्ट आधीच काढला असेल तर त्याच्यासाठीही ओसीआयचा अर्ज करा. एक पालक भारतीय असला तरी मिळतं, आणि तिथे दोन वर्षांची अट नाही.

शेवटी एक अप्रिय पण गरजेची गोष्ट. लग्नावर मिळालेलं ओसीआय न्यायालयातून घटस्फोट झाल्यास रद्द होऊ शकतं. कलमात मृत्यूचा उल्लेख नाही, घटस्फोटाचा आणि दुसऱ्या लग्नाचा आहे. परक्या देशात घर मांडणाऱ्या माणसाला हे येण्याआधी माहीत असण्याचा हक्क आहे. आणि जोडीदाराला नवा पासपोर्ट मिळाला की प्रत्येक वेळी तीन महिन्यांत त्याची प्रत, नवा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं प्रतिज्ञापन पोर्टलवर चढवावं लागतं. हे काम लोक सर्रास विसरतात.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचा नवा पासपोर्ट आला. त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला, लग्नाच्या प्रमाणपत्राची ती शिक्का मारलेली प्रत कपाटातून काढली आणि मला हाक मारली. विवाह अद्याप अस्तित्वात आहे, असं त्या प्रतिज्ञापनात लिहायचं होतं. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग स्वतःच्या मराठीत, आणि खाली सही केली.